एमबीबीएस सोडून लॉ करायचं म्हणते, घरच्यांना कसं सांगू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली आहे. सरकारी कॉलेजला एमबीबीएसला आहे, फर्स्ट इयर एकाच अटेम्प्टमध्ये निघालं, मार्क पण बरे आहेत, म्हणजे अभ्यास झेपत नाही म्हणून हे लिहून नाही राहिली. पण मला डॉक्टर नाही व्हायचं. बारावीला पीसीबी घेतलं, एक वर्ष ड्रॉप घेऊन नागपूरला क्लास लावला, त्यासाठी बाबांनी भाव पडलेला असताना कापूस विकला, नंबर लागला तर गावात फ्लेक्स लागला, आणि या सगळ्यात मला काय पाहिजे हे कोणी विचारलंच नाही, मी पण स्वतःला विचारलं नाही.

आमच्या शेताच्या फेरफाराचं भांडण चालू आहे, काकांसोबत. मी नववीत होती तेव्हापासून बाबांसोबत तहसीलला जाते. सातबारा, आठ अ, फेरफाराच्या नकला सगळं मीच वाचून सांगते. आम्हाला नोटीस न देताच नोंद मंजूर केली होती हे मीच शोधून काढलं, मग त्याच्यावर एसडीओ साहेबांकडे अपील टाकलं, वकील साहेब बाबांना म्हणाले पोरगी हुशार आहे.

आता कॉलेजचं सांगते. आम्हाला पहिल्या वर्षीच वॉर्डात नेतात. एकदा थ्रेशरमध्ये हात गेलेला एक शेतकरी होता. सर टेंडन विचारत होते, मैत्रिणी वाकून वाकून हात पाहत होत्या, आणि माझ्या डोक्यात एकच, का याच्या पोरानं पोलिसात कळवलं का, पंचनामा झाला का, सातबारा कोणाच्या नावावर आहे, शेतकरी अपघात योजनेचा अर्ज याला कोण भरून देईन. बाहेर येऊन त्याच्या पोराला मी वहीच्या पानावर कागदांची लिस्ट करून दिली. त्या दिवशी मले पहिल्यांदा कॉलेजात बरं वाटलं.

आईला सांगितलं तर रडते, म्हणते "काहून सोडतं व माय, लोकं पाया पडते एवढ्या शिटीसाठी." बाबा काहीच बोलत नाही, ते जास्त लागते. मैत्रिणी म्हणतात आधी डिग्री घे मग लॉ कर. मी काय करू? सोडलं तर दंड किती बसते? आणि माझ्यामुळे एका लेकराची सीट वाया गेली असं लोक म्हणतील, ते खोटं पण नाही ना.

— एक वाचक मुलगी, जि. यवतमाळ

उत्तर : तुझं पत्र मी दोन-तीनदा वाचलं आणि तुला सरळच सांगते, मला वाटतं तू सोडावं. हे मी दर पत्राला म्हणत नाही, उलट पहिल्या वर्षात "मला सोडायचंय" म्हणून जी पत्रं येतात त्यातल्या बहुतेकांना मी थांब म्हणते, कारण त्यात फॉर्मॅलिनचा वास असतो, होस्टेलची मेस असते, मराठी मीडियममधून आल्यामुळे लेक्चर डोक्यावरून जाणं असतं, व्हायवाला उत्तर येत असून इंग्रजीत तोंड न उघडणं असतं, आणि या गोष्टी दुसऱ्या वर्षापर्यंत बऱ्याच हलक्या होतात. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही. तू वॉर्डाबद्दल लिहायला बसली आणि लिहिलं काय, तर पंचनामा आणि सातबारा. पेशंटच्या हातात तुला रस नव्हता पण त्या माणसात होता, त्याला काय मिळायला पाहिजे आणि ते मिळवून कोण देईल यात होता. ही काही मेडिकलचा कंटाळा आलेल्या मुलीची गोष्ट नाही, हे दुसऱ्या कामाकडे ओढ असलेल्या मुलीचं पत्र आहे आणि ते काम तू नववीपासून करतच आहेस.

तरी एक काम आधी कर. तालुक्याच्या कोर्टात जाऊन बस. कोर्ट सगळ्यांसाठी उघडं असते, पासबिस काही लागत नाही, मागच्या बाकावर बसायचं आणि सुट्टीतले काही दिवस नुसतं पाहायचं, किती केसेसना पुढची तारीख भेटते, वकील उभे राहून किती बोलतात आणि बसून किती लिहितात, पक्षकार बाहेर झाडाखाली किती वेळ थांबून राहतात. स्वतःच्या शेतासाठी भांडणं वेगळं आणि रोज दुसऱ्याच्या शेतासाठी, घटस्फोटासाठी, चेक बाऊन्ससाठी भांडणं वेगळं, ते तुला आवडते का ते तिथंच कळेल. तालुका विधी सेवा समिती असते तिथं पण जा, पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणून लोकांना अर्ज लिहायला, योजना समजावून सांगायला माणसं लागतात, त्याची चौकशी कर. आणि तुमच्या त्या वकील साहेबांना विचार की सुरुवातीची वर्षं कशी गेली. ज्युनियरला पहिली काही वर्षं हातात फार थोडं पडते, काही ठिकाणी तर नुसता प्रवासखर्च, हे तुला आणि तुझ्या बाबांना आधीच माहीत पाहिजे. जज व्हायचं डोक्यात असेल तर हेही ऐकून ठेव की सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजनच्या परीक्षेसाठी ३ वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे, म्हणजे डिग्री झाली की लगेच परीक्षा असं आता नाही.

आता मैत्रिणी म्हणतात ते. हिशोब मांडून पाहू. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर वर्षभर इंटर्नशिप, त्यातलं तुझं एक वर्ष झालं, राहिली साडेचार. बारावीनंतरचा लॉ ५ वर्षांचा. म्हणजे आज सोडलं तर फरक फक्त अर्ध्या वर्षाचा आणि मध्ये ॲडमिशनची वाट पाहायला जो वेळ जाईल त्याचा, हे घरी नक्की सांग कारण घरच्यांना वाटते तू आता सगळं पुन्हा पहिलीपासून सुरू करून राहिली. याउलट एमबीबीएस पूर्ण करून मग ३ वर्षांचा एलएलबी केला तर साडेसात वर्षं, आणि सरकारी कॉलेजमधून पास झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्ष बंधपत्रित सेवा आहे, ती नाही केली तर १० लाख. डॉक्टर असलेल्या वकिलाला मेडिकल निग्लिजन्सच्या केसमध्ये, इन्शुरन्समध्ये, विषप्रयोग-पोस्टमॉर्टेमच्या उलटतपासणीत मोठा मान आहे, हे खरं आहे, तुला त्यातच जायचं असेल तर मैत्रिणींचा सल्ला चांगला आहे. पण तुला जमीन-महसुलात जायचंय. त्याच्यासाठी नाइट ड्युट्या करत, मनात नसताना लोकांना तपासत साडेचार वर्षं काढणं मला पटत नाही, पेशंटच्या बाजूनं पाहिलं तरी नाही.

दोन्ही सोबत करते असं मनात असेल तर ते होत नाही. एमबीबीएसला प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी लागते आणि बार कौन्सिल दुसरी रेग्युलर डिग्री चालू असताना लॉ करू देत नाही.

ॲडमिशनचं बघ. ५ वर्षांच्या लॉसाठी राज्याची सीईटी असते, बारावी कुठल्याही शाखेची चालते, ओपनला ४५ टक्के लागतात, राखीव गटांना त्याहून कमी. पेपर मराठीतूनही असतो, निगेटिव्ह मार्किंग नाही. नीटचा अभ्यास केलेल्या मुलीला हा पेपर घाबरवणार नाही, फक्त लीगल रीझनिंग आणि जीके वेगळं पडते, त्याची सवय कर. नागपूरला विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आहे, अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय आहे, दोन्ही तुझ्या घरापासून एका एसटीच्या अंतरावर. नागपूरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ पण आहे पण तिथं क्लॅट लागते, ती डिसेंबरमध्ये होते, इंग्रजीत असते, चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात आणि वर्षाची फी लाखांत जाते. दोन्ही परीक्षा दे, ठरव नंतर. मुलींच्या फीचं एक माहीत असू दे, जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण तू एक कोर्स सोडून दुसऱ्यात चाललीस, त्यामुळे महाडीबीटीवर, म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलवर, तुझा अर्ज कसा धरतील ते नव्या कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्कला ॲडमिशन पक्की करायच्या आधी विचार, नंतर नाही. आताच्या कॉलेजला कुठली स्कॉलरशिप उचलली असेल तर ती मध्येच सोडल्यावर काय होते तेही विचारून घे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, याच्यात पोरं फसतात. लॉची सीट हातात पडेपर्यंत मेडिकलला राजीनामा द्यायचा नाही. रागात नाही, रडून नाही, कोणी काही बोललं म्हणून पण नाही. सेकंड इयरला जात राहा, हजेरी ठेव, सीईटी दे. एमबीबीएसची सीट सोडली की ती परत भेटत नाही, पुन्हा यायचं तर पुन्हा नीट द्यावी लागते. नीटला आता वयाची वरची मर्यादा नाही म्हणून दार कायमचं बंद होत नाही, पण तोच नंबर, तेच कॉलेज पुन्हा लागेल असं धरून चालू नको.

दंडाचं तू विचारलं. वर सांगितले ते १० लाख पास झालेल्यांच्या सेवेचे, मध्येच सीट सोडायचा दंड वेगळा असतो आणि तो तुझ्या ॲडमिशनच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आणि तू व बाबांनी सही केलेल्या बाँडमध्ये लिहिलेला असतो. त्या बाँडची कॉपी तुझ्याजवळ नसेल तर स्टुडंट सेक्शनला लेखी अर्ज करून माग, तोंडी विचारू नको, तोंडी विचारलं की प्रत्येक क्लार्क वेगळा आकडा सांगतो आणि पोरगी घाबरून परत येते. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना कळवलं होतं की सीट सोडायचा बाँड काढून टाका, मुलांवर त्याचा ताण येते, पण ती सूचना आहे, तुझ्या हातातल्या बाँडवर काय लिहिलंय तेच तुला लागू. फेरफाराची नोटीस नाही आली हे जी मुलगी नकला वाचून पकडते तिला बाँड वाचायला कोणी शिकवायची गरज नाही.

ओरिजनल कागद कॉलेजात जमा असतील. दहावी-बारावीच्या मार्कशीट डिजिलॉकरवर भेटतात, बाकी जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमिलेयर, डोमिसाईल जे काही लागू असेल ते सगळं आताच स्कॅन करून ठेव. सीट पक्की झाली की ॲडमिशन कॅन्सलचा अर्ज, नो ड्यूज, टीसी आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं मायग्रेशन, याला दिवस लागतात आणि कॅपच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत, तर अर्जाचा मजकूर आधीच लिहून तयार ठेव, लायब्ररी-होस्टेलचं देणं आधीच मिटव. तुला एखादा असाही भेटेल जो म्हणेल, एमबीबीएसचं सांगूच नको, सेतूमध्ये गॅपचं ॲफिडेव्हिट करून घे, शंभर-दोनशेत काम होते. ते करू नको. वकिलीच्या वाटेवर पहिलाच कागद खोट्या शपथपत्राचा नको, आणि व्यवहारात पण ते अंगलट येते.

बाबांचं. ते बोलत नाही म्हणजे त्यांचा विरोधच आहे असं धरू नको. या माणसानं तुला तहसीलच्या पायऱ्या चढायला शिकवलं, तुझ्या वाचनावर भरोसा ठेवून अपील टाकलं, कापसाचा पैसा तुझ्या क्लासला लावला. त्यांना भीती काय असेल, तर पोरीचं ना हे झालं ना ते झालं असं होईल का, आणि लोकांना काय सांगू. दोन्ही भीत्या खऱ्या आहेत. त्यांना मामा-मावशा जमलेल्या असताना सांगू नको, दोघंच शेतात असाल तेव्हा सांग, आणि हातात कागद घेऊन सांग, वर्षांचा हिशोब, फी, बाँडमधला आकडा, सीईटीची तारीख. लॉची सीट लागली नाही तर मी एमबीबीएसच पुढं चालू ठेवते हे पण त्या कागदावर लिही, त्यानं त्यांचा अर्धा जीव भांड्यात पडेल. आईला अपिलाच्या तारखेच्या दिवशी एकदा सोबत ने, तिनं तुला तिथं बोलताना पाहिलं नसेल.

सीटचं जे ओझं तू घेऊन बसली त्याबद्दल. हो, मध्ये सोडलेली सीट सहसा त्या बॅचला रिकामीच राहते, आणि हे खरं आहे की कोणीतरी लेकरू थोड्या मार्कांनी बाहेर राहिलं. हे मी तुला लपवून सांगणार नाही, म्हणूनच तर कोर्टात जाऊन बस म्हटलं, म्हणजे निर्णय कच्चा राहू नये. पण त्या लेकराची भरपाई तू नको असलेली डॉक्टरकी आयुष्यभर करून होत नाही. आपल्या भागात शेताच्या बांधावरून, वारसाच्या नोंदीवरून घरंच्या घरं बरबाद झालेली तू पाहिली आहेत, विधवा बाईचं नाव सातबाऱ्यावर चढवून देणारा माणूस गावात शोधून भेटत नाही. तिथं तुझी गरज आहे.

प्रश्न : मॅडम, मी बुलढाणा जिल्ह्यातला कास्तकार. मुलगा एमबीबीएस पहिल्या वर्षात दोनदा नापास झाला. आता घरी आला तर दिवसभर झोपून राहते, जेवत नाही, मित्राचा फोन उचलत नाही. म्हणते बाबा मी ॲग्री करतो, मले ते जमत नाही. अजून चान्स आहे का? का ॲग्रीला टाकू?

— एक वडील

उत्तर : दादा, चान्स आहे. पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त ४ अटेम्प्ट भेटतात आणि इंटर्नशिप सोडून पूर्ण कोर्स ९ वर्षांत करता येते. पण ते आत्ता बाजूला ठेवा. तुम्ही जे लिहिलं, झोपून राहणं, न जेवणं, फोन न उचलणं, ते आधी डॉक्टरला दाखवायचं आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं न्या, तोपर्यंत टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, चोवीस तास चालू असते, फुकट आहे, मराठीत बोलता येते, तुम्ही स्वतः पण लावू शकता. जीव द्यायचं काही बोलला असेल तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि आजच्या आज दवाखान्यात न्या. मेडिकलच्या मुलांत हे किती आहे म्हणाल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्याच टास्क फोर्सनं २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यात २५ हजारांवर एमबीबीएसच्या मुलांनी उत्तरं दिली होती आणि २७.८ टक्के मुलांनी मानसिक आजार असल्याचं सांगितलं. म्हणजे तुमचा पोरगा काही एकटा नाही आणि आळशी तर नाहीच.

तो बरा होईपर्यंत सोड पण म्हणू नका, ठेव पण म्हणू नका. उदास माणसाला सगळंच जमत नाही असं वाटते, मग ते मेडिकल असो का ॲग्री. नंतर तो स्वतःहून पुन्हा ॲग्री म्हणाला तर खुशाल टाका, ४ वर्षांचा कोर्स आहे, एमएचटी-सीईटीला पीसीबी ग्रुप चालते, अकोल्याला आपलं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. व्हेटर्नरीचं कोणी सुचवलं तर त्याला नीट लागते आणि जुन्या वर्षाचा स्कोअर चालत नाही, हे लक्षात असू द्या. आणि दादा, त्याच्यासमोर खर्चाचा आकडा काढू नका. त्याला तो तोंडपाठ आहे.

प्रश्न : एमबीबीएस फर्स्ट इयर पास होऊन सोडलं. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीचे मार्क दाखवून बीएस्सीला डायरेक्ट सेकंड इयर भेटते का? आणि बारावीला मॅथ्स नव्हतं तर स्टॅटिस्टिक्स करता येईल का?

— वणीहून एक विद्यार्थी

उत्तर : डायरेक्ट सेकंड इयर धरून चालू नको. एमबीबीएस क्रेडिटवर चालत नाही, त्यामुळे क्रेडिट बँकेतून, म्हणजे एका कोर्सचे क्रेडिट दुसऱ्यात नेता यावे म्हणून जिथं जमा होतात त्या खात्यातून, उचलून बीएस्सीत टाकण्यासारखं तुझ्याजवळ काही जमा नाही, फर्स्ट इयरलाच बसायची तयारी ठेव. बायोकेमिस्ट्री घेतलीस तर पहिलं वर्ष सोपं जाईल एवढा फायदा.

स्टॅटिस्टिक्सला बहुतेक ठिकाणी बारावीचं मॅथ्स मागतात. राज्य मंडळाकडून तुरळक विषय घेऊन एकट्या मॅथ्सची परीक्षा देता येते, एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतूनही होते. मंडळाचा फॉर्म परीक्षेच्या बऱ्याच आधी सुटतो आणि उशीर झाला तर लेट फी लागते, म्हणून तुझ्या जुन्या ज्युनियर कॉलेजात जाऊन क्लार्कला तारीख विचारून ये. आणि ज्या कॉलेजला जायचं तिथं असं वेगळं दिलेलं मॅथ्स मानतात का हे फॉर्म भरायच्या आधी लेखी घे.